दमाला दम लावणारे पंच

पंचांशी बोलताना मधे थांबायचं नसतं, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. म्हणजे अजिबातच नाही. तुम्ही "काल मी बाजारात गेलो होतो आणि..." असं म्हणून त्या 'आणि'वर जरासा श्वास घेतलात की संपलं! पंचांचा उजवा हात वर जायचा, बोट तुमच्या छातीवर रोखलं जायचं आणि ते म्हणायचे, "दम गेला. आता माझी पाळी." मग ते बोलायला लागायचे आणि बाजारात काय झालं ते तुमच्या पोटातच राहायचं. मी असा भरभर, न थांबता बोलतो म्हणून घरात सगळे मला हसतात, पण ती सवय पक्की झाली ती पंचांमुळे. त्यांच्या संगतीत वर्षभर राहून दाखवा, पूर्णविराम विसरून जाल.

कुठले पंच? तर कबड्डीचे. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण रत्नागिरीत त्यांना नावाने कोणी ओळखतच नव्हतं. वाणी पंच म्हणायचा, पोस्टमन पंच म्हणायचा, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याही "पंच मैदानावर असतील तर सांग, भात निवतोय" असाच निरोप धाडायच्या. मूळचे ते मंडणगडाकडचे, आता परत तिकडेच गावी गेलेत. मी सांगतोय ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं, जेव्हा ते मांडवीला दोन खोल्यांत राहायचे आणि आंब्याचा रस डब्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात गेटवर होते. गेटवर बसायला शिट्टी लागत नाही. पंचांना लागायची. काळ्या गोफात ओवलेली शिट्टी कायम गळ्यात. एस्टी स्टँडवर गेले आणि एखादी गाडी मागे येत असली की कंडक्टरच्या आधी ह्यांची शिट्टी. एकदा तर ते जोरात ओरडले, "थांब! रेषेला चाक लागलं!" बिचारा ड्रायव्हर खाली उतरून कुठली रेषा ते शोधत बसला.

दिसायला उंच, खांदे अजून खेळाडूचे, पण डावा गुडघा वाकायला तयार नसायचा, त्यामुळे चालताना ते एक पाऊल टाकायचे आणि दुसरं आणून ठेवायचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट. पँट घोट्यापासून पोटरीपर्यंत लालच. आमच्याकडे कबड्डीचं मैदान जांभ्याची माती चाळून करतात, ती एकदा कापडात शिरली की निघत नाही. काकू म्हणायच्या, "मी धुते ती पँट नाय, मी धुते तो चौपाटीपर्यंतचा रस्ता."

आता त्यांचं खरं वेड सांगतो. चढाई करणाऱ्या गड्याने एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत जायचं, आणि समोरच्यांच्या अंगणात दम तुटला तर बाद, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दम तुटला की नाही हे ठरवतो पंच, कानाने. बाकीचे पंच हात मागे बांधून उभे राहायचे आणि आवाज बसला की शिट्टी मारायचे. आमचे पंच तसे नव्हते. गडी मध्यरेषा ओलांडायला निघाला की हेसुद्धा छाती भरून श्वास घ्यायचे आणि त्याच्याबरोबर बाहेरच्या रेषेवरून लंगडत धावायला लागायचे, ओठ हलवत, आवाज न करता, कबड्डी कबड्डी कबड्डी. गडी परत आला की दोघं एकदमच धापा टाकायचे. म्हणजे विचार करा! एक संघ चढाई करतो तेव्हा दुसऱ्याला तरी विश्रांती. पंचांना ती नाही. चढाई इकडची असो नाहीतर तिकडची, पंच प्रत्येक चढाईत. सामना संपला की चौदा गडी चहा पीत उभे आणि पंच बाकावर आडवे.

मी एकदा विचारलं, "पंच, ऐकून कळत नाय का?"

"बाहेरून काय कळणार?" ते म्हणाले. "दुसऱ्याचा दम बाहेरून मोजता येत नाय. आत जाऊन बघायला लागतं."

आमच्या तिसऱ्या ताईच्या लग्नात त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, मानाने. मंगलाष्टकं सुरू झाली. आमचे एक काका आवाज लावून म्हणत होते. मी अक्षता घेऊन उभा, आणि माझं लक्ष गेलं तर पंचांचे ओठ हलतायत! मी मनात म्हटलं, देवा, आता नको. काकांनी 'सावधान'च्या आधी, अगदी ऐन मोक्याला, गपकन श्वास घेतला आणि पंचांचा हात वर गेला. बोट काकांकडे. शिट्टी वाजवली नाही हे आमचं नशीब. मुलाकडच्या मंडळींना वाटलं ही आमच्याकडची पद्धत असेल, म्हणून त्यांच्यातल्याही दोघांनी हात वर केले. काका त्यानंतर आमच्या घरच्या एकाही लग्नात गायले नाहीत, त्याबद्दल आईने पंचांचे मनापासून आभार मानले.

हे वेड आलं कुठून? तर पंच स्वतः मोठे खेळाडू. मुंबईत एका कंपनीच्या संघात होते. तेव्हा कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या, कागदावर काम काहीतरी लिहायच्या आणि प्रत्यक्षात कबड्डी खेळवायच्या. ह्यांना कागदावर स्टोअरमध्ये लावलं होतं. "स्टोअर कुठल्या मजल्यावर हाय ता मला शेवटपर्यंत कळला नाय," असं ते फार अभिमानाने सांगायचे. सकाळी सही, मग मैदान, दुपारी कंपनीची अंडी आणि दूध, मग पुन्हा मैदान. चढाईला ते एवढा वेळ आत राहायचे, म्हणे, की समोरचे गडी कंटाळून चुका करायचे.

आणि मग तो सामना. तो आम्ही सगळ्यांनी एवढ्या वेळा ऐकलाय की झोपेत म्हणून दाखवू. अंतिम सामना, शेवटची मिनिटं, पंच चढाईला आत. मैदान प्रत्येक वेळी बदलायचं, एकदा परळ, एकदा नायगाव. समोरचा संघही बदलायचा, कधी गोदीवाले, कधी गिरणीवाले. पण मधला भाग कधीच बदलला नाही. मैदानावरच्या पंचाने शिट्टी मारली, हात वर केला आणि सांगितलं, दम गेला.

"गेला नव्हता," पंच म्हणायचे. बस, एवढंच. त्या दोन शब्दांनंतर मात्र त्यांना खरोखर श्वास घ्यायला लागायचा, आणि तेव्हा कोणीही "आता माझी पाळी" म्हणत नसे.

बाद झालेल्यांना मैदानामागे ओळीत बसायला लागतं. आपल्या कोणी समोरचा गडी मारला की ओळीतला पहिला उठतो, जिवंत होतो, आत येतो. पंच जाऊन बसले. ओळीत एकटेच. पण त्यांच्या कोणाला गडी मारता आला नाही, वेळ संपली, सामना गेला. पुढच्या मोसमाआधी गुडघा गेला, मग कंपनीने संघच मोडला. "म्हणजे बघ," ते बोटं दुमडत हिशोब मांडायचे, "मी बसलो तो बसलोच. मला कोणी उठवलाच नाय. मी अजून बाद हाय." हे ते असं सांगायचे जसं एखादा सांगेल की माझं अजून जेवण व्हायचंय. आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

त्यानंतर त्यांनी पंचाची परीक्षा दिली आणि शिट्टी गळ्यात घातली ती एका शपथेवर. आपण एकाचाही दम उगाच तोडायचा नाही. "ज्या दिवशी तोडीन, त्या दिवशी शिट्टी खाली." हेही आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

आता मी. मला टाळता येईल तेवढं टाळलं, पण माझ्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी आमच्या वाडीच्या संघात होतो. का होतो ते संघातल्या कोणालाच सांगता आलं नसतं. वजन म्हणाल तर ओल्या टॉवेलाएवढं. पकडीला मी गेलो की समोरचा गडी मला घेऊनच घरी जायचा. बाद झालेल्यांच्या ओळीत मी एवढा बसलोय की ती जागा माझ्या बसण्याने खोल झाली होती. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, दम. आम्ही पाच भावंडं, माझ्या आधी चार बहिणी. आमच्या घरात बोलायची संधी आली आणि मधे श्वास घेतलात तर पुढची संधी थेट पुढच्या गणपतीत. त्यामुळे मी कितीही वेळ कबड्डी कबड्डी म्हणू शकायचो. फक्त त्याच्याबरोबर आणखी काही करू शकायचो नाही.

ह्याचा उपयोग आमच्या कॅप्टनने हेरला. आम्ही थोड्या गुणांनी पुढे असलो आणि शेवटची मिनिटं राहिली की तो माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचा, "जा, आणि आत जाऊन काहीही करू नकोस." आयुष्यात मला दिलेलं हे एकच काम मी तंतोतंत पार पाडलं. तेव्हा चढाईला घड्याळ लावायची पद्धत नव्हती, दम असेपर्यंत तुमचं राज्य. मी जायचो, समोरच्या अंगणातली निदान रेषा, जी ओलांडल्याशिवाय चढाई धरत नाहीत, ती अंगठ्याने शास्त्रापुरती ओलांडायचो आणि मग मध्यरेषेच्या आसपास इकडून तिकडे, तिकडून इकडे, गिरणीच्या पट्ट्यासारखा. कोपऱ्यातल्या गड्यांच्या मांड्या दिसल्या की मला घाम फुटायचा, म्हणून मी डोळे अर्धे मिटून घ्यायचो. महत्त्वाच्या सामन्यात पूर्ण.

लोक ओरडायचे, "अरे, हा रेडिओ बंद करा कोणीतरी!"

"बाबू, आईला सांगून आलायस ना, उशीर होईल म्हणून?"

आणि रेषेवरून माझ्याबरोबर लंगडत, ओठ हलवत, चेहरा लालबुंद झालेले पंच. माझी चढाई संपली की ते गुडघ्यावर हात ठेवून, धापा टाकत, हळूच म्हणायचे, "मेल्या... कोणाला तरी... हात लाव ना एकदाचा!" पंचाने असं बोलायचं नसतं. पण मी कुठे तक्रार करणार?

सुरुवातीला त्यांना हे झेपायचं. मग वर्षं गेली, खोकला सुरू झाला. आणि एक दिवस कॅप्टन माझ्या कानाला लागला, "बघितलंस काय? पंच श्वास चोरतात." मी बघितलं. खरंच! लांब चढाई असली की ते मधेच समुद्राकडे तोंड फिरवायचे, घाम पुसल्यासारखा हात चेहऱ्यावरून न्यायचे, आणि त्या हाताआड एक श्वास आत. मग पुन्हा ओठ सुरू. सगळ्या जिल्ह्याचे चोरटे दम पकडणारा माणूस, आणि स्वतः!

पण गंमत ऐका. हे सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी एक शब्द काढला नाही. उलट ज्या सामन्याला आमचे पंच असायचे तिथे चढाया आखूड व्हायला लागल्या. केळशीचा एक दांडगा चढाईपटू होता, एरवी आत तळ ठोकून बसणारा. तोसुद्धा पंचांना समुद्राकडे बघताना पाहिलं की निमूट परत यायचा. कोणी ठरवलं नव्हतं. सगळे लवकर घरी यायचे, एवढंच. पंचांना वाटायचं हल्लीच्या पोरांत दम नाही. तसं ते बोलूनही दाखवायचे, "अंडी खात नाय ही पोरं."

सगळे लवकर परत यायचे. माझं कामच उशिरा परत यायचं होतं.

त्या वर्षी मांडवीच्या स्पर्धेचा अंतिम सामना आमचा आला. सकाळी मी पंचांच्या घरावरून जात होतो, तर काकूंनी दारातूनच हाक मारली.

"बाबू, इकडे ये. आज तू चढाईला घुमणार काय?"

"कॅप्टन सांगेल तसं, काकू."

"जास्त घुमू नकोस हां. दोन दिवस खोकतायत. डाक्टर बोलला शिट्टी बंद करा. तर ह्यांनी डाक्टरलाच बाद केलान, मधे श्वास घेतला म्हणून."

"काकू, कसली काळजी करता? मी तर लगेच पकडला जातो," मी म्हटलं. ह्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी सामना. पंच ट्यूबलाइटखाली उभे राहायचे नाहीत, त्यांना गड्यांचे ओठ नीट दिसायचे नाहीत, म्हणून आमच्याकडे त्यांचे सामने उजेड असेपर्यंत उरकायचे. वाऱ्याने रेषांची फक्की सारखी उडत होती. मी बराच वेळ ओळीत बसून होतो, माझ्या त्या खोल जागेत, आणि मला फार बरं वाटत होतं. मग आमच्या कोणी तरी गडी मारला आणि मी जिवंत झालो. घ्या! एका गुणाने पुढे, शेवटचं मिनिट, चढाई आमची.

कॅप्टनने पाठीवर थाप मारली. "जा. काही करू नकोस."

"पंच..." मी म्हटलं.

"पंचांचं पंच बघतील. तू जा."

मी गेलो. अंगठा रेषेपलीकडे लावला, शास्त्र झालं. मी मनात ठरवलं होतं, थोडंसंच घुमायचं आणि परत. पण कोपऱ्यातल्या दोघांनी माझ्यासाठी हात पसरले, त्यांच्या मांड्या म्हणजे अशा, की बघवेनात, आणि सामना महत्त्वाचा, म्हणून डोळे आपोआप पूर्ण मिटले. आणि डोळे मिटले की मला वेळ कळत नाही. मी आमच्या घरातल्या जेवणाच्या पंगतीत पोचलो होतो, चारही बहिणी समोर, आणि बोलायची पाळी माझी. कबड्डी कबड्डी कबड्डी. इकडून तिकडे. कबड्डी कबड्डी. लोकांचा आवाज, वाऱ्याचा आवाज, कुठेतरी शिट्टी. शिट्ट्या काय, पोरंही वाजवायची गर्दीत. कबड्डी कबड्डी कबड्डी. मग मला जाणवलं, फार शांत झालंय.

मी डोळे उघडले, पण तोंड बंद करायचं राहिलं. समोरचे सगळे गडी हात खाली सोडून उभे होते. आमचे गडी डोक्याला हात लावून. आणि बाजूच्या रेषेवर पंच, एक हात वर, बोट माझ्याकडे. दम गेला! मी बाद!

आणि अख्खं मैदान गप्प असताना, सगळ्यांच्या देखत, अगदी स्पष्ट, मी अजून म्हणतच होतो. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

पंचांना ते ऐकू आलं. बोट माझ्याकडे रोखलेलंच होतं. त्यांच्या छातीत नुसती शिट्टी वाजत होती, तोंडातली नव्हे, आतली. त्यांचा दम गेला होता आणि त्यांना वाटलं होतं माझा गेला. मी गप्प व्हायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस झाला असता. पण एवढी शांतता आणि बोलायची पाळी माझी, असं माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं होतं, आणि मला थांबायचं कसं ते सुचेना. शेवटी कॅप्टन ओरडला, "अरे, बस कर मेल्या!" तेव्हा थांबलो.

पंचांनी वर केलेला हात तसाच ठेवला आणि बोट फक्त वळवलं. स्वतःच्या छातीकडे. मग गळ्यातला गोफ काढून शिट्टी सरपंचांच्या, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांच्या, टेबलावर ठेवली आणि एक पाऊल टाकत, दुसरं आणत, ते मैदानामागे गेले आणि बाद झालेल्यांच्या ओळीत जाऊन बसले. आमच्या बाजूला. माझ्या जागेवर.

सरपंचांनी दुसरा पंच उभा केला आणि मला चढाई पुन्हा करायला सांगितली. मी आत गेलो, मान मागे वळवून ओळीकडे बघत राहिलो, आणि दोन वेळा कबड्डी म्हणतोय तोवर कोपऱ्यातल्याने माझा पाय धरला. बरोबरी. मग जादा डाव, त्यात आमचं काय झालं ते कॅप्टन अजून चारचौघांत काढतो, म्हणून मी काढत नाही.

बक्षिसं वाटून झाली, खुर्च्या उचलल्या, पंच बसलेलेच.

"पंच, उठा आता," कॅप्टन म्हणाला.

"कोणी गडी मारलान काय?"

"सामना संपला, पंच."

"मग? उठू कसा?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मला वाटलं चिडतील. ते माझ्याकडे बघतच राहिले, आमच्या ताईचं बाळ चंद्राकडे बघतं तसं. मग म्हणाले, "काय दम हाय रे तुझा, मेल्या! कुठे ठेवतोस?"

"काय माहीत," मी म्हटलं.

"पण खेळ सोड. तुला खेळ येत नाय."

"होय, पंच."

"शिट्टी घे."

मी नको म्हणणार होतो. पण कॅप्टन मागून एवढ्या उत्साहाने "घ्या, घेऊन जा ह्याला, आजच घेऊन जा!" म्हणाला की माझा विचार कोणी विचारलाच नाही. मग आम्ही दोघांनी पंचांना हाताला धरून उठवलं. "हे उठणं धरायचं नाय," त्यांनी बजावलं. "हे फक्त घरी जायला."

पुढचे काही महिने मी त्यांच्या पडवीत. शिकवणी काय, तर काकू नारळ खवत बसायच्या, मी ओठ हलवत बसायचो, आणि अख्खा नारळ खवून होईपर्यंत एका दमात राहायचं. काकू माझी दया येऊन भरभर खवायच्या, तर पंच ओरडायचे, "लबाडी नको!" स्वतः ते आता ओठ हलवायचे नाहीत. नुसते बघायचे. परीक्षेला मी पास झालो, म्हणजे मला तरी तसं सांगितलं, आणि पंचांनी सरपंचांकडून ती शिट्टी आणून माझ्या गळ्यात घातली. गोफाला जुन्या घामाचा वास होता. तो अजून आहे.

पहिला सामना लागला आरे गावात, समुद्राकाठच्या मैदानावर. आणि नशीब बघा, एक संघ आमच्या वाडीचाच. पंच सकाळच्या एस्टीने आले. गावच्या लोकांनी पुढे खुर्ची दिली, हार आणला. पंचांनी हार घेतला आणि खुर्ची राहू दिली. थेट मैदानामागे जाऊन ओळीत बसले, आमच्या विरुद्ध संघाच्या बाजूला. तिथे तेव्हा दुसरं कोणी बाद नव्हतं. एकटेच, गळ्यात झेंडूचा हार.

"तिकडे का हो?" मी धावत जाऊन विचारलं.

"आज तुझ्या वाडीची भीड तुला पडते की नाय, ता हिकडून नीट दिसेल," ते म्हणाले. "जा. आणि आत जाऊन बघ."

सामना चालला. मी प्रत्येक चढाईबरोबर धावलो, ओठ हलवत, आणि आमच्या वाडीची पोरं रेषेवरून मला चिडवत होती, "रेडिओ बाहेर लावलाय रे आज!" मग कॅप्टन चढाईला गेला. आता कॅप्टनचं एक गुपित अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. परत फिरताना, मध्यरेषेपासून हातभर आधी, तो मान खांद्यात घालून एक श्वास चोरायचा. एवढासा. कुठल्याच पंचाला ऐकू यायचा नाही, कारण तेव्हा लोकांचा गलका असायचा. पण मी आत होतो. त्याच्या दमाला माझा दम लावलेला होता. त्याचा जिथे तुटला तिथे माझा पुढे गेला, आणि ते मला इतकं स्वच्छ कळलं, जसं जिन्यावर अंधारात एक पायरी जास्त आहे असं वाटावं आणि नसावी.

शिट्टी माझ्या तोंडात होती. कॅप्टन माझ्याकडे बघत होता. त्याच्या बहिणीच्या हातचं मी आदल्याच रविवारी जेवलो होतो.

वाजवली. हात वर. दम गेला, बाद!

जो काही गोंधळ झाला तो सांगत नाही. "घरी ये तू, बघतो तुला!" कॅप्टन ओरडला, आणि ओरडताना मधे श्वास घेतला, म्हणून माझा हात सवयीने पुन्हा वर जायला लागला तो मी दुसऱ्या हाताने धरला. गुण समोरच्या संघाला. त्यांच्या बाजूचे सगळे गडी मैदानातच होते, जिवंत करायला ओळीत कोणी नव्हतं.

पण ओळीत कोणीतरी होतं. मी वळून बघितलं तर पंच उठत होते. एक हात जमिनीवर, मग चांगला गुडघा, मग तो वाईट. गळ्यातला हार काढून त्यांनी नीट घडी घालून बसल्या जागी ठेवला. पँटवरची लाल माती झटकली. मग रेषेपाशी आले, वाकले, जेवढं वाकता येतं तेवढं, मातीला बोटं लावून कपाळाला लावली, आणि मैदानात शिरून कोपऱ्यात हात पसरून उभे राहिले.

"वाजव ना शिट्टी!" कॅप्टन ओरडत होता. "आठवा गडी कोण घुसला तो? अरे ए पंच, वाजव!"

वाजवायला हवी होती. नियम आहे. मी शिट्टी दातांत घट्ट धरली, छाती भरायला गेलो, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, माझ्यात दमच नव्हता.